धोकादायक मालाचं वर्गीकरण: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

केमिकल शिपिंगच्या डेस्कवर नव्याने आलेला माणूस आधी नऊ वर्ग पाठ करतो: स्फोटकं, वायू, ज्वलनशील द्रव, पेट घेणारे घन, ऑक्सिडायझर (दुसऱ्याला पेटायला मदत करणारे) आणि सेंद्रिय पेरॉक्साइड, विषारी व संसर्गजन्य, किरणोत्सर्गी, क्षरणकारी आणि नववा 'इतर'. पाठ कराच, पण हे आकडे म्हणजे धोक्याची उतरंड नव्हे. नववा वर्ग शेवटचा म्हणून सौम्य समजाल, तर त्यातच लिथियम बॅटऱ्या बसल्या आहेत. नुसत्या पाठवलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या, म्हणजे यूएन ३४८० (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला त्या मालाचा नंबर), प्रवासी विमानात माल म्हणून २०१६ पासून चालत नाहीत.

माझ्या मते हे काम शिकायला हायड्रोजन पेरॉक्साइडइतका चांगला मास्तर नाही. पाण्यातलं प्रमाण ८ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वाहतुकीच्या नियमांपुरता तो धोकादायक माल नाहीच. ८ ते २० टक्क्यांच्या आत असेल तर यूएन २९८४, वर्ग ५.१ (ऑक्सिडायझर), पॅकिंग ग्रुप तीन (ग्रुप म्हणजे काय ते पुढे येतंच). २० ते ६० टक्के असेल तर यूएन २०१४, ग्रुप दोन, आणि ५.१ सोबत ८ चं, म्हणजे क्षरणकारीचंही लेबल. ६० च्या वर गेलात की यूएन २०१५ आणि ग्रुप एक. नाव तेच, पण टक्केवारीनुसार नंबर बदलला, लेबल बदललं, ड्रमही बदलला. म्हणून कुणी फोनवर 'पेरॉक्साइड पाठवायचंय' म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती टक्के?

पॅकिंग ग्रुप म्हणजे धोक्याची तीव्रता. एक सर्वात जास्त, तीन सर्वात कमी. ज्वलनशील द्रवांत तो फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) आणि उत्कलनबिंदूवर ठरतो. उकळायला ३५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान पुरत असेल तर ग्रुप एक. त्याहून जास्त लागत असेल आणि फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली असेल तर दोन, २३ ते ६० असेल तर तीन. ड्रमवरच्या यूएन मार्कमधलं (ड्रम चाचणीत उतरल्याची छापील खूण) अक्षर याच्याशी जुळवायचं: एक्स तिन्ही ग्रुपना चालतो, वाय दोन आणि तीनला, झेड फक्त तीनला. वायू, स्फोटकं आणि किरणोत्सर्गी मालाला हे ग्रुप नसतातच. तिथे रकाना रिकामा दिसला म्हणून आपल्या मनाने भरू नका.

नवे लोक अडखळतात ते एका मालात दोन धोके असले की. ग्लेशिअल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घ्या. ते कातडी जाळतं, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट ४० अंशांच्या आसपास असल्याने पेटतंही. मग मुख्य वर्ग कुठला? हे अंदाजाने नाही, प्राधान्यक्रमाच्या तक्त्यावरून ठरतं. क्षरणाचा धोका ग्रुप दोनचा आणि ज्वलनाचा ग्रुप तीनचा, म्हणून वर्ग ८ पुढे आला आणि ३ दुय्यम झाला. ड्रमवर लेबलं मात्र दोन्ही लागतात, आणि पॅकिंग ग्रुप दोघांतला जो कडक तोच धरायचा. मेथनॉलचं उलट: तिथे ३ मुख्य आणि ६.१, म्हणजे विषारी, दुय्यम.

उत्तर शोधायला बहुतेकजण सेफ्टी डेटा शीटचा (पुरवठादाराने दिलेल्या सुरक्षा-माहितीपत्रकाचा) चौदावा विभाग उघडतात, कारण वाहतुकीची माहिती तिथे तयार मिळते. मी आधी तिसरा पाहतो (घटक आणि त्यांचं प्रमाण), मग नववा (भौतिक गुणधर्म), आणि चौदावा पडताळायला ठेवतो. चौदाव्यात पॅकिंग ग्रुप तीन छापलाय आणि नवव्यात फ्लॅश पॉइंट १२ अंश, असं दिसलं तर माल थांबवून पुरवठादाराला लेखी विचारायचं. शीटची तारीखही बघा. हे सगळे नियम ज्या ऑरेंज बुकवर उभे आहेत, त्या संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी दर दोन वर्षांनी सुधारल्या जातात, आणि समुद्रासाठीचा आयएमडीजी कोड व विमानासाठीचे नियमही त्यामागोमाग बदलतात.

आणि रिकामे ड्रम. धुऊन आतला माल आणि वाफा पूर्ण निघेपर्यंत ड्रमवरची लेबलं काढायची नाहीत. गोदामातले लोक 'अहो, रिकामाच आहे' म्हणतील. पेट्रोलच्या रिकाम्या ड्रममध्ये द्रव नसला तरी हवेत मिसळलेली वाफ असते, आणि ठिणगीला तेवढी पुरते.