ओटा स्वतः बनवताना दगडाऐवजी काय वापरावं?

ओट्याचं साहित्य निवडताना बहुतेकांची नजर वरच्या बाजूवर असते: रंग कसा, चकाकी किती, ओरखडे दिसतील का. पण ओटा वरून क्वचितच खराब होतो. सिंकसाठी कापलेल्या भोकाची कड, दोन तुकड्यांचा सांधा आणि भिंतीलगतची फट इथून पाणी आत जातं आणि तिथूनच तो फुगायला लागतो. म्हणून कोणतंही साहित्य घेण्याआधी पहिला प्रश्न असा: हे कापल्यावर आतून काय दिसतं, आणि ती कापलेली कड पाण्यात टिकते का?

याची परीक्षा घरीच होते. साधारण १०० मिमी लांबीचा नमुना कापून घ्या आणि कडेची जाडी व्हर्नियरने (मिलिमीटरचा अंशही मोजणाऱ्या मापकाने) मोजा. तुकडा कापलेल्या कडेवर उभा करून २४ तास दोन बोटं खोल पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. साधा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड इथे फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. असं साहित्य सिंकजवळ वापरूच नका, वर कितीही चांगला सनमायका असला तरी.

दुसरी गोष्ट वजनाची. ४० मिमी जाड काँक्रीट दर चौरस मीटरला ९५ ते १०० किलो भरतं, १२ मिमी कॉम्पॅक्ट लॅमिनेट (कागदाचे थर रेझिनने दाबून केलेली भरीव फळी) सुमारे १७ किलो, तर १८ मिमी प्लायवूडचे दोन थर २५ किलोच्या आसपास. खालची कपाटं पातळ बोर्डाची असतील, तर काँक्रीटचा विचार आधारासकट करावा लागतो.

प्लायवूड आणि सनमायका

घरच्या हत्यारांवर, पहिल्यांदाच ओटा करणाऱ्यासाठी आमची पहिली पसंती हीच. कमर्शियल प्लाय घेऊ नका. उकळत्या पाण्यात टिकणारा बीडब्ल्यूपी किंवा मरीन प्लाय घ्या. १८ मिमीचे दोन थर एकमेकांना चिकटवून खालून ३० मिमी स्क्रूने आवळा, म्हणजे ३६ मिमी जाडी मिळते. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

समोरच्या कडेला ३६ × २० मिमीची टणक लाकडाची पट्टी जलरोधक गोंदाने चिकटवा आणि रंध्याने प्लायच्या पातळीत आणा. सनमायका त्यानंतर लावायचा, तोही पट्टी झाकली जाईल असा. त्यामुळे प्लाय आणि पट्टीचा सांधा सनमायक्याखाली जातो आणि वरून वाहणारं पाणी त्यात शिरत नाही. बरेच जण आधी सनमायका लावून मग पट्टी ठोकतात. मग सांधा नेमका वर उघडा राहतो, आणि कड तिथूनच काळी पडू लागते.

काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. हवेनुसार १० ते २० मिनिटं लागतात. घाई केली तर आत अडकलेल्या द्रावकाच्या वाफेने नंतर फुगे येतात. एकदा टेकला की सनमायका हलत नाही, म्हणून मध्ये पातळ काठ्या आडव्या ठेवून तो जागेवर आणा आणि मधली काठी आधी काढून बाहेरच्या बाजूला दाबत जा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडी बंद असतानाच करा, कारण त्या वाफा पेट घेतात. खालच्या बाजूलाही साधा सनमायका लावा. एकाच बाजूला लावला तर फळी वाकते.

सिंकच्या भोकाच्या चारही कोपऱ्यांत आधी १० ते १२ मिमीची छिद्रं पाडा आणि मग जिगसॉने (अरुंद पात्याच्या विजेच्या करवतीने) ती जोडा. कोपरा काटकोनात कापला तर सनमायक्याला तिथूनच तिरपी चीर जाते. साधं ब्लेड वर येताना कापतं आणि वरची बाजू उडवतं, म्हणून खुणा उलट्या बाजूला करून खालून कापा. मधला तुकडा खालून धरून ठेवा, नाहीतर शेवटच्या इंचात तो स्वतःच्या वजनाने कड फाडत पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कापलेल्या कडेवर प्लायचे थर एकाआड एक उभे-आडवे दिसतात. त्यातल्या ज्या थरांच्या रेषांची टोकं बाहेर आली आहेत ते पाणी झपाट्याने ओढतात. इथे पातळ इपॉक्सीचे (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनचे) तीन हात द्या. पहिला हात बराचसा आत जिरतो, त्यामुळे एकावर थांबलात तर काहीच साधलं नाही. कड काचेसारखी बंद दिसेपर्यंत थांबू नका. शेगडीच्या भोकाला याखेरीज अ‍ॅल्युमिनियमची टेप लावा.

भरीव लाकूड

लाकूड पाण्यापेक्षा हालचालीमुळे जास्त फसवतं. त्यातल्या ओलाव्यात ४ टक्क्यांचा फरक पडला, तर ६०० मिमी रुंदीत जातीनुसार आणि कापानुसार साधारण ४ ते ८ मिमी फरक पडतो. लांबीत जवळजवळ काहीच पडत नाही. म्हणून असा ओटा कपाटाला चिकटवायचा नाही. पुढच्या बाजूला गोल भोकातून स्क्रू मारा आणि मागच्या बाजूला रुंदीच्या दिशेने १५ मिमी लांब खाच करून वॉशरसह स्क्रू लावा. मागे ५ ते ८ मिमी फट सोडून ती भिंतीच्या टाइलखाली झाका. सगळीकडे घट्ट आवळलेली फळी आकसताना मधोमध तडकते.

टंग ऑइल किंवा बॉइल्ड लिनसीड ऑइलचे पातळ हात द्या. हात लावल्यावर १५ ते २० मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट थर राहतो. खालची बाजू आणि टोकंही तितकीच भरा, कारण एकच बाजू बंद केली तर फळी ताटासारखी वळते. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. ओक लाकडावर ओलं लोखंडी भांडं राहिलं तर काळा डाग पडतो. तो ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातो, पण हातमोजे घालून आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

काँक्रीट

साचा सनमायका लावलेल्या बोर्डाचा करा. ओटा उलटा ओतला जातो, म्हणजे साच्याचा तळ ही ओट्याची वरची बाजू. त्यामुळे सिंकची जागा आरशातल्यासारखी उलटी मांडावी लागते. ओतण्याआधी कागदी नकाशा उलटा करून साच्यात ठेवून बघाच.

२ मीटर × ६०० मिमी × ४० मिमी ओट्याला, थोडी वाया जाणारी धरून, २३ किलो सिमेंट, ४६ किलो वाळू, १० मिमीपर्यंतची ४६ किलो खडी आणि ९ लिटर पाणी लागतं. मिश्रण घट्ट वाटेल, तरी पाणी वाढवू नका, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन) घाला. जास्त पाण्याने ताकद घटते आणि आकसताना चिरा पडतात. वाळू ओली असेल तर त्या हिशेबाने पाणी कमी करा. जाळी साच्यात अशी बसवा की दोन्ही बाजूंना किमान १५ मिमी काँक्रीट राहील. सिंकच्या पुढची आणि मागची अरुंद पट्टी हमखास तुटते. ती ७५ मिमीपेक्षा कमी ठेवू नका आणि तिच्यात ६ मिमीची सळई घाला.

प्लॅस्टिकखाली ७ दिवस ओलं ठेवा. साचा काढल्यावर उचलताना नेहमी कडेवर उभं धरा, आडवं उचलाल तर मधे मोडेल. सीलर (वरून लावायचा संरक्षक लेप) लावला तरी लिंबू आणि व्हिनेगर सिमेंट खातात आणि फिकट ठसे राहतात. ते ज्याला चालणार नाहीत त्याने काँक्रीट करू नये.

बाकीचे पर्याय

१२ मिमी कॉम्पॅक्ट लॅमिनेट आतून बाहेरपर्यंत भरीव असतं. कापलेली कड पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून सिंकसाठी ते उत्तम. फक्त कार्बाइड ब्लेड हवं, आणि आतले कोपरे गोल.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ ग्रेडचा १.२ मिमी पत्रा घ्या. कडा वर्कशॉपमधून वाकवून आणा आणि प्लायवर पूर्ण चिकटवा, पोकळ राहिला तर ढोलासारखा वाजतो. ओरखडे पडणारच. ब्लीच मात्र वर साचू देऊ नका, त्याने बारीक खड्डे पडतात.

टाइल्समध्ये टाइल नव्हे, ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) हा कच्चा दुवा असतो. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, २ मिमी सांधे आणि इपॉक्सी ग्राउट वापरा. प्लायवर थेट न लावता मध्ये सिमेंट बोर्ड घाला.

जुन्या ओट्यावर इपॉक्सी ओतणं सोपं आहे, पण साधं इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसलाच मऊ व्हायला लागतं. गरम भांड्याचा गोल ठसा कायमचा उमटतो. १ चौरस मीटरवर ३ मिमी थराला ३ लिटर माल लागतो.

कृत्रिम क्वार्ट्झ (दगडाची भुकटी रेझिनने बांधून केलेली लादी) घरी कापू नका. त्यात ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते, आणि तिच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसाचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली ती यामुळेच.

सगळा ओटा एकाच साहित्याचा हवा असं काही नाही. सिंककडे कॉम्पॅक्ट लॅमिनेट किंवा स्टील, शेगडीच्या बाजूला टाइल किंवा स्टील, आणि कापण्या-मळण्याच्या जागी लाकूड अशी विभागणी चांगली चालते. जाड्या वेगळ्या असतील तर खालून पट्ट्या देऊन वरची पातळी एक करा. साहित्य बदलतं तिथे ३ मिमी फट ठेवून ती सिलिकॉनने भरा, घट्ट भिडवू नका, कारण प्रत्येकाची हालचाल वेगळी असते. सिंकच्या काठाखालीही सलग सिलिकॉन हवं, मध्ये खंड नको. भरल्यावर २४ तास नळ बंद ठेवा.