इम्पॅक्ट ड्रायव्हरची बिटं: कोणती टिकतात आणि कशामुळे

फर्निचर, पत्र्याचं छप्पर, फॉल्स सीलिंग, सोलर पॅनेलची फ्रेम, यांपैकी कोणत्याही कामात नव्याने उतरणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: बिटं, म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायची स्क्रू फिरवणारी टोकं, फार तुटतात. मग दोष मशीनला तरी दिला जातो, नाहीतर बिटाच्या लोखंडाला. लोखंड खरोखरच हलकं असू शकतं. पण वाया गेलेल्या बिटांचा डबा उपडा करून एकेक टोक नीट पाहिलं, तर बहुतेक बिटं स्क्रूच्या खाचेत धड बसलेली नसतानाच चालवली गेल्याचं दिसतं.

आधी मशीन काय करतं ते समजून घ्या. साधा ड्रिल सलग पीळ देतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रू हलका जातोय तोवर तसाच फिरतो. अडथळा वाढला की आतला हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या (बिटाला फिरवणाऱ्या भागाच्या) दात्यावरून सुटतो आणि पुढच्या दात्यावर आदळतो. १८ व्होल्टच्या नेहमीच्या मशीनमध्ये असे मिनिटाला ३,००० ते ४,००० ठोके पडतात आणि कमाल टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, साधारण १५० ते २०० न्यूटन-मीटर असतो. हे ठोके फिरण्याच्या दिशेने असतात, पुढच्या दिशेने नाही. पुढच्या दिशेने ठोकणारा हॅमर ड्रिल वापरून आलेली माणसं इथेच फसतात. मशीन ठोकतंय म्हणजे बिट आत दाबलं जातंय, असं त्यांना वाटतं. ते दाबायचं काम शेवटपर्यंत तुमच्या हाताचंच असतं.

ठोके खायचे म्हटल्यावर बिट चिवट हवं, नुसतं कडक असून भागत नाही. हाताच्या स्क्रूड्रायव्हरसोबत येणारी क्रोम-व्हॅनेडियमची बिटं सलग पिळाला ठीक असतात, ठोक्यांखाली लवकर हार मानतात. इम्पॅक्टसाठीची बहुतेक बिटं एस२ या धक्का सोसणाऱ्या टूल स्टीलची असतात. पण पाकिटावर ‘एस२’ छापलं म्हणून निश्चिंत होऊ नका. पोलाद तेच असलं तरी त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कितपत कडक केलंय, यावर सगळं अवलंबून असतं. साध्या कडक बिटाचं टोक कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ६० च्या आसपास असतं. इम्पॅक्टचं चांगलं बिट मुद्दाम दोन-चार अंक मवाळ ठेवलेलं असतं. थोडं लवकर झिजेल, पण काचेसारखं फुटणार नाही.

दुसरी खूण म्हणजे कंबर. इम्पॅक्टच्या बिटाचा मधला भाग बारीक केलेला दिसतो. तो शोभेसाठी नसतो. ठोका बसला की ही कंबर किंचित पिळते, स्प्रिंगसारखी परत येते, आणि टोकावरचा धक्का तेवढा बोथट होतो. म्हणूनच ५० मि.मी. लांबीचं बिट २५ मि.मी.च्या बुटक्या बिटापेक्षा जास्त टिकतं. बुटक्याला पिळायला जागाच नसते. बुटकं वापरायचंच असेल तर होल्डर (मशीन आणि बिट यांच्यामधला दांडा) इम्पॅक्टसाठीचा घ्या, म्हणजे पिळण्याचं काम तो करेल. साध्या चुंबकी होल्डरमध्ये बिट डुगडुगतं आणि काही दिवसांत होल्डरचाच षट्कोन गोल होतो.

सोनेरी मुलाम्याने मात्र हुरळून जाऊ नका. टायटॅनियम नायट्राइडचा तो थर पृष्ठभागाची झीज कमी करतो, आतल्या पोलादाला चिवट करत नाही. टोकावर हिऱ्याचे कण बसवलेली बिटं खाच घट्ट पकडतात आणि घसरत नाहीत, हे खरं. कण झडले की ती साधी बिटं उरतात.

शँकबद्दल, म्हणजे मशीनमध्ये जाणाऱ्या बिटाच्या मागच्या भागाबद्दल, एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. षट्कोनी शँक सगळीकडे ६.३५ मि.मी., म्हणजे पाव इंचच असतो. पण चकमध्ये, म्हणजे मशीनच्या बिट धरणाऱ्या तोंडात, अडकणारी गोल खाच काही बिटांना मागच्या टोकापासून साधारण ९ मि.मी.वर असते, तर काहींना १३-१४ मि.मी.वर. चकचं भोक खोल असेल आणि बिट पहिल्या प्रकारचं असेल, तर ते अडकत नाही किंवा ढिलं राहतं. अशा मशीनसाठी भोकाच्या तळाशी टाकायचा छोटा तुकडा मिळतो. नवीन बिट लावल्यावर चकवरची सरकती कडी (कॉलर) सोडा आणि बिट ओढून बघा. ते निघालं नाही पाहिजे.

आता स्क्रूच्या माथ्यावरची खाच. बोलताना आपण फिलिप्सलाही ‘स्टार’ म्हणतो आणि सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सलाही ‘स्टार’च म्हणतो. या एका शब्दापायी चुकीची पाकिटं घरी येतात. फिलिप्सच्या चार पाकळ्या टोकाकडे निमुळत्या असतात. त्या उताराने पीळ वाढला की बिट वर ढकललं जातं, त्यामुळे दाब कमी पडला की ते उसळतंच. पोझीड्राइव्ह ही फिलिप्ससारखीच फुलीची खाच, पण तिच्या भिंती जवळपास सरळ असतात, म्हणून ते उसळत नाही. त्याची ओळख अशी: मुख्य फुलीच्या हातांच्या मधल्या जागांत तिरक्या चार बारीक रेघा स्क्रूच्या माथ्यावर कोरलेल्या असतात. फिलिप्सचं बिट पोझीड्राइव्हच्या स्क्रूत जातं पण हलतं. पोझीड्राइव्हचं बिट फिलिप्समध्ये तळापर्यंत पोचतच नाही. दोन्ही चुका पहिल्या दहा स्क्रूंत कळत नाहीत, ही खरी अडचण. जपानी बनावटीच्या यंत्रांवरच्या, माथ्यावर एक ठिपका असलेल्या स्क्रूंना जेआयएसचं (जपानी औद्योगिक मानकाचं) बिट लागतं. फिलिप्स तिथे उसळतं.

मापं लक्षात ठेवायला फार नाहीत. फिलिप्स आणि पोझीड्राइव्ह दोन्हींत साधारण ३ मि.मी.पर्यंतच्या स्क्रूला १ नंबर, ३.५ ते ५ मि.मी.ला २ नंबर, ६ मि.मी.ला ३ नंबर. जिप्सम बोर्डचा ३.५ मि.मी.चा काळा स्क्रू फिलिप्स २ घेतो, आणि त्याच्यासाठी टोकाजवळची मान बारीक केलेलं वेगळं बिट मिळतं. टॉर्क्समध्ये बहुधा ३ मि.मी.ला टी१०, ३.५ ला टी१५, ४ आणि ४.५ ला टी२०, ५ ला टी२५, ६ ला टी३० आणि ८ ला टी४०. तरी पाकिटावर छापलेला आकडा पाहूनच बिट उचला, कारण काही कंपन्या एक माप अलीकडे-पलीकडे करतात. टॉर्क्समध्ये एक नंबर लहान बिटही आरामात आत जातं. दोन-तीन स्क्रू बसतातही. मग पाकळ्यांचे कोपरे मोडतात आणि स्क्रूची खाच गोल होते.

शंका आली तर सोपी चाचणी आहे. चुंबक नसलेल्या होल्डरमध्ये बिट आडवं धरा आणि टोकावर स्क्रू लावा. तो न पडता, न हलता आडवा राहिला तर जोडी बरोबर. टोक खाली झुकलं किंवा बोटाने डुगडुगलं तर बिट बदला. स्क्रूच्या खाचेत रंग, प्लास्टर किंवा गंज भरला असेल, तर चाचणी चुकते आणि बिटही अर्धवटच बसतं. आधी सुई किंवा टोच्याने खाच कोरून काढा.

काही बिटं इम्पॅक्टला लावायचीच नाहीत. मध्ये भोक असलेलं सिक्युरिटी टॉर्क्स, गोल गोळीसारख्या टोकाचं अ‍ॅलन (षट्कोनी) बिट आणि चपटं बिट ही तिन्ही ठोक्यांसाठी नाहीत. पहिलं भोकाभोवती फुटतं, दुसऱ्याची मान तुटते, तिसरं बाजूला सरकून काम ओरबाडतं. पाव इंच षट्कोनावरून अर्ध्या इंची सॉकेट लावायचा अ‍ॅडॉप्टरही जड नट सोडवायला वापरू नका. तो खाचेपाशी मोडतो. त्या कामाला इम्पॅक्ट रेंच, म्हणजे नट-बोल्टसाठीचं जड मशीन, हवं.

चालवण्याच्या पद्धतीतच बिटाचं आयुष्य ठरतं, म्हणून हे जरा सविस्तर. हाताची पकड शक्य तितकी वर घ्या, म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधला खळगा मोटरच्या मागे, बिटाच्या रेषेत येतो; मग ट्रिगर मधल्या बोटाने दाबा. मूठ खाली, बॅटरीजवळ गेली की दाब तिरका पडतो आणि बिट एका पाकळीवर चालतं. आधी बिट खाचेत पूर्ण बसवा, दाब द्या, मगच ट्रिगर. पहिली एक-दोन आवर्तनं सावकाश. स्क्रूने लाकूड पकडलं की वेग वाढवा. ठोके सुरू झाल्याचा खडखडाट ऐकू येताच दाब कमी नको, वाढवायचा. बहुतेक नवखे याच क्षणी आवाजाने दचकून हात सैल सोडतात आणि बिट उसळतं. एकदा उसळलेलं बिट पाकळीच्या कडा गोल करतं, आणि गोल कडांचं बिट पुढच्या स्क्रूवर आणखी लवकर उसळतं. शेवटचे ५ मि.मी. पुन्हा हळू.

मशीनवर वेगाचे टप्पे असतील तर लहान स्क्रूंसाठी सर्वांत खालचा टप्पा लावा. ५ मि.मी.च्या स्क्रूला मऊ लाकडात ३ मि.मी. आणि कठीण लाकडात ३.५ मि.मी.चं आधीचं भोक पाडलं की ठोके कमी लागतात, म्हणजे बिटही कमी झिजतं. पितळेचे स्क्रू इम्पॅक्टने बसवूच नका. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी आत-बाहेर करून आटे पाडा, मग पितळी स्क्रू हाताने बसवा. स्टेनलेसचे स्क्रू मवाळ असतात आणि गरम झाले की नटात किंवा आट्यात जाम बसतात. तिथे हळू वेग.

पत्र्याच्या कामात बिटाची जागा षट्कोनी सॉकेट घेतं, आणि त्याचा शत्रू वेगळाच असतो. ५.५ मि.मी.च्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला (ज्याच्या टोकालाच ड्रिल असतो) ८ मि.मी.चं सॉकेट लागतं, ६.३ ला १० मि.मी.चं. आतल्या चुंबकाला पत्र्याचा किस चिकटत जातो आणि हळूहळू स्क्रूचा माथा पूर्ण आत जाईनासा होतो. मग तो तिरका धरला जातो, वॉशर एका बाजूला दाबतो आणि पाणी गळतं. दर वीस-पंचवीस स्क्रूंनंतर सॉकेट उलटं करून किस झटका, नाही निघाला तर चिकट पुट्टीचा गोळा आत दाबून ओढा. ड्रिल टोक पत्रा कापत असताना पूर्ण वेग देऊ नका. टोक जळतं, आणि जळलेला स्क्रू फिरतो पण पुढे जात नाही. रबरी वॉशर कडेला किंचित फुगला की थांबा. बाहेर पिचकला तर फार आवळलं.

लांब एक्स्टेन्शन गरज असेल तेवढंच. प्रत्येक जोडात थोडी ढिलाई असते, ती ठोका खाते आणि टोकाला डुगडुग देते.

तुटलेलं बिट फेकण्याआधी पाहा, ते कारण सांगतं. पाकळ्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर दाब कमी पडला किंवा माप चुकलं. पाकळ्या फिरण्याच्या दिशेने पिळल्यासारख्या वाकल्या असतील तर पोलाद मवाळ आहे, पाणी कमी दिलेलं. पाकळीचा तुकडा स्वच्छ, दाणेदार पृष्ठभागाने उडाला असेल तर बिट फार कडक आहे किंवा तिरकं चाललं. कंबरेतून तुटलं असेल आणि टोक धड असेल तर ते आपलं आयुष्य जगून गेलं. अशी बिटं जास्त निघू लागली तर निवड बरोबर आहे. टोक निळसर दिसत असेल तर ते घसरत फिरलं आणि तापून पाणी उतरलं. त्याला ग्राइंडरवर धार लावायच्या फंदात पडू नका. पाकळ्यांचा कोन हाताने परत येत नाही आणि उरलंसुरलं पाणीही उतरतं. लांब स्क्रूंचं सलग काम असेल तर दोन बिटं आलटून पालटून वापरा, म्हणजे तापलेलं थंड होतं.

तुकडे डोळ्यात उडतात, म्हणून चष्मा हवाच. बंद खोलीत इम्पॅक्टचा आवाज कानाला त्रास देणारा असतो. इअरप्लग खिशात ठेवा.

सुरुवातीच्या डब्यात शंभर बिटांचा रंगीत सेट नको. त्यातली ऐंशी कधी लागत नाहीत आणि जी लागतात ती एकेकच असतात. ५० मि.मी.ची पोझीड्राइव्ह २ दहा, फिलिप्स २ पाच, टी२० आणि टी२५ प्रत्येकी पाच, पोझीड्राइव्ह ३ आणि टी३० दोन-दोन, ८ आणि १० मि.मी.चं एकेक सॉकेट, एक इम्पॅक्टचा होल्डर. गोल होऊ लागलेलं बिट हाताच्या स्क्रूड्रायव्हरला द्या, मशीनला परत लावू नका. एका बिटाची काटकसर म्हणजे माथा गेलेला स्क्रू काढत बसणं. आणि प्रत्येक प्रकारातलं एक नवं बिट कधीही न वापरता डब्यात राहू द्या. चालू बिटाचं टोक त्याच्याशेजारी उजेडात धरलं की किती झिजलंय ते लगेच दिसतं.