शेतात मेटल डिटेक्टरने जुन्या वस्तू शोधताना या चुका टाळा

पहिली चूक मशीन चालू करण्याआधीच होते, ती म्हणजे परवानगीची. मालकाने मान डोलावली म्हणजे झाले, असे समजू नका. जमीन कसणारा वेगळा असेल तर त्यालाही विचारा आणि सापडलेल्या वस्तूचे काय करायचे हे आधीच कागदावर ठरवा. कायदाही बघावा लागतो. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा दफिना, म्हणजे जमिनीत दडवलेला ठेवा, सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टखाली येणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. संरक्षित पुरातत्त्वस्थळाच्या हद्दीत तर डिटेक्टर नेऊच नका.

मशीन सारखे किरकिरते

नवीन माणूस सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनक्षमता, शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो, कारण जास्त खोलवरचे दिसेल असे त्याला वाटते. होते उलटेच. लोहयुक्त मातीत मशीन मातीलाच धातू समजून ओरडू लागते आणि त्या गोंगाटात नाण्याचा बारीक आवाज बुडून जातो. किरकिर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी खाली आणा. शांत चालणारे मशीन थोडे उथळ बघत असले तरी परवडते.

त्याआधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा आवाज बाजूला ठेवायला मशीनला शिकवा. खाली धातू नाही अशी जागा शोधा आणि कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) जमिनीवर वर-खाली करत आवाज सपाट होईपर्यंत बॅलन्स जुळवा. मातीचा रंग बदलला किंवा कोरड्यातून ओल्या भागात गेलात की पुन्हा जुळवा. हे एकदाच सकाळी करून दिवसभर विसरणारे पुष्कळ असतात.

एवढे करूनही आवाज येतच असेल तर वर पाहा, विजेच्या तारा असतील. झटका मशीनचे कुंपण, खिशातला मोबाईल आणि शेजारी चालणारा दुसरा डिटेक्टर हेही त्रास देतात. दांड्याला गुंडाळलेली वायर सैल असेल किंवा कॉइलच्या कव्हरमध्ये माती साचली असेल, तरी खोटे सिग्नल येतात.

कॉइल हवेत जाते

हात दमला की कॉइल झोक्यासारखी दोन्ही टोकांना वर उचलली जाते आणि तिथली खोली वाया जाते. कॉइल जमिनीला समांतर, शक्य तितकी जवळ आणि सावकाश फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढली पाहिजे. ताज्या नांगरटीत ढेकळांमुळे कॉइल वरच राहते. कुळवणी होऊन एखादा पाऊस पडल्यावर, पण पेरणीच्या आधी, माती बसलेली आणि किंचित ओलसर असते. ती वेळ साधा.

खिळे नकोत म्हणून सगळेच गाळणे

लोखंड गाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचा आवाज दाबणारी सेटिंग) वाढवले की त्याबरोबर चांगल्या वस्तूही जातात. पातळ सोन्याचा तुकडा आणि अ‍ॅल्युमिनियमची चमकी यांचा मशीनच्या पडद्यावरचा आकडा बऱ्याचदा सारखाच येतो. खिळ्याच्या शेजारी पडलेले चांदीचे लहान नाणे तर खिळ्याच्या आड पूर्ण लपते. जुन्या वस्तीच्या जागी खिळे असणारच, किंबहुना खिळे दाट लागले म्हणजे इथे कधीतरी घर होते अशी शंका घ्यायची. अशा ठिकाणी लहान कॉइल लावा आणि लोखंडाचा आवाज हळू का होईना, ऐकू येऊ द्या.

गंजलेला मोठा पत्रा नाण्यासारखा उंच आवाज देऊन फसवतो. शंका आली की काटकोनात वळून त्याच जागेवरून कॉइल फिरवा. नाणे सहसा दोन्ही दिशांनी सारखेच बोलते, लोखंडाचा आवाज तुटतो.

खोदताना

काटकोनात दोनदा फिरवून मध्य पक्का करा, मगच फावडे लावा, तेही मध्यापासून वीतभर लांब. नाण्याच्या कडेला बसलेला फावड्याचा ताजा ओरखडा कशानेच भरून येत नाही. वस्तू खड्ड्यात दिसत नसेल तर ती बाहेर काढलेल्या मातीत असते, पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) आधी तिथे फिरवा. खड्डा बुजवण्याआधी पुन्हा एकदा कॉइल फिरवा, खाली दुसरी वस्तू असू शकते. जुना तोफगोळा किंवा बॉम्बसारखे काही दिसले तर हात न लावता लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

नांगर साधारण २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत माती उलथतो. त्याखाली मातीचा रंग आणि घट्टपणा बदलतो. तो थर नांगराने हलवलेला नसतो. तिथे पोचलात किंवा एकाच जागी नाण्यामागून नाणे येऊ लागले, तर थांबा. इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी १९९२ मध्ये एरिक लॉज हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना रोमन सोन्या-चांदीचा साठा लागला. त्यांनी थोडे काढून काम थांबवले आणि कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेले खोदले, म्हणूनच कुजून गेलेल्या लाकडी पेटीच्या खुणा आणि आत वस्तू कशा रचल्या होत्या हे समजले. जवळपास १५ हजार नाणी त्यात होती. ती पोत्यात भरून आणली असती तर पेटीचा पत्ताही लागला नसता.

जागेची नोंद न करणे

माझ्या मते याहून मोठी चूक नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर अक्षांश-रेखांश, खोली आणि तारीख लिहा. दशांश चिन्हानंतर पाच आकडे घेतले की साधारण मीटरभरात जागा कळते. निरुपयोगी वाटणाऱ्या वस्तूंचीही नोंद ठेवा. जर्मनीत काल्क्रिझ इथे टोनी क्लन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९८७ मध्ये डिटेक्टरने रोमन चांदीची नाणी शोधली. त्याआधी तो स्थानिक पुरातत्त्वज्ञाला भेटला होता, जुने नकाशे आणि नोंदी बघून आला होता. नंतर त्याला शिशाचे तीन लांबट गोळे मिळाले. ते गोफणगुंडे निघाले. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात, पण गोफणगुंड्यांमुळे तिथे रोमन सैन्य असल्याचा माग लागला. इ.स. ९ मध्ये वारुस या रोमन सेनापतीचे सैन्य जिथे कापले गेले ती जागा हीच, असे आज बरेच अभ्यासक मानतात. ते तीन गोळे कुणी शिसे म्हणून फेकून दिले असते तर?

घासणे

नाणे बोटांनी चोळू नका. चिकटलेले वाळूचे कण कानसासारखे काम करतात आणि अक्षरे जातात. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यांच्या वाटेला जाऊ नका, तांबे-काशावरचा हिरवा थर हाच त्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग असतो. त्यावर फिकट हिरवी भुकटी उमटू लागली तर क्षार आतून खात आहेत असे समजा, वस्तू कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. लोखंडाच्या वस्तू उन्हात वाळवू नका, तडकतात. शिशाच्या वस्तू लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून झडते.