कार्डाचे शुल्क ग्राहकाकडून घेताना या चुका टाळा

ग्राहकाने क्रेडिट कार्डावर १०,००० चे बिल भरले, तरी व्यापाऱ्याच्या खात्यात १०,००० जमा होत नाहीत. कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा, म्हणजे इंटरचेंज, त्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्कचे शुल्क आणि शेवटी मशीन पुरवणाऱ्या बँकेचे किंवा पेमेंट कंपनीचे कमिशन, असे तीन तुकडे कापले जातात आणि उरलेली रक्कम सेटलमेंटमध्ये, म्हणजे व्यापाऱ्याच्या खात्यातल्या अंतिम जमेत, येते. नफ्याचे प्रमाण मुळातच कमी असलेल्या धंद्यात ही कपात डोळ्यांत भरते आणि ‘हे शुल्क ग्राहकानेच का भरू नये’ असा विचार मनात येतो. त्या विचारात गैर काही नाही. मात्र बिलावर दोन-तीन टक्के वाढवणे, म्हणजे अधिभार घेणे, हे दिसते तितके सोपे काम नाही आणि बहुतेक गोंधळ हिशेबाच्या अगदी प्राथमिक चुकांतून होतात.

परवानगी गृहीत धरणे

‘सगळेच घेतात, म्हणून आपणही घेऊ’ ही पहिली चूक. या अधिभाराचे नियम देशागणिक इतके वेगळे आहेत की एका ठिकाणची रीत दुसरीकडे थेट कायदेभंग ठरते. युरोपीय संघात १३ जानेवारी २०१८ पासून सर्वसामान्य ग्राहकांच्या डेबिट व क्रेडिट कार्डांवर असा अधिभार घेण्यास मनाई आहे. तेथे इंटरचेंजवरच डेबिटसाठी ०.२ टक्के आणि क्रेडिटसाठी ०.३ टक्के अशी कमाल मर्यादा असल्याने व्यापाऱ्यावरचा भारही मुळात हलका आहे. ब्रिटनने त्याच दिवसापासून तशीच बंदी लागू केली. कॅनडात ६ ऑक्टोबर २०२२ पासून क्रेडिट कार्डावर अधिभार घेण्याची वाट मोकळी झाली, पण क्वेबेक प्रांत त्यातून वगळलेला राहिला. अमेरिकेत व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी २७ जानेवारी २०१३ पासून ही मुभा दिली, तरी कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स यांसारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे आड येतात. भारतात रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्कच शून्य करण्यात आले, त्यामुळे तेथे या दोन्हींसाठी ग्राहकाकडून ‘मशीनचे दोन टक्के’ मागणे म्हणजे न झालेल्या खर्चाची वसुली आहे.

कायद्याने मुभा असली तरी व्यापाऱ्याने पेमेंट कंपनीशी केलेला करार उरतोच. त्यात आगाऊ लेखी सूचना देण्याची अट असू शकते. अमेरिकेत ही मुदत ३० दिवसांची असते. करार वाचण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो, परंतु या एका कलमासाठी तो वाचावा.

सरासरी दर सर्वांच्या माथी मारणे

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून थोडे थांबून आकडे पाहू. समजा, एका महिन्यात कार्डावर एकूण ८,००,००० ची विक्री झाली आणि १७,६०० शुल्कापोटी कापले गेले. भागाकार केला की २.२ टक्के येतात आणि व्यापारी प्रत्येक कार्डावर २.२ टक्के लावून मोकळा होतो. आता पेमेंट कंपनीचे त्या महिन्याचे विवरण उलगडून पाहिले तर डेबिट कार्डावरची विक्री ३,००,००० आणि त्यावर ०.९ टक्के दराने २,७०० कपात, तर क्रेडिट कार्डावरची विक्री ५,००,००० आणि त्यावर २.९८ टक्के दराने १४,९०० कपात, असे चित्र निघते. म्हणजे डेबिट कार्डवाल्या ग्राहकाकडून प्रत्यक्ष खर्चाच्या जवळजवळ अडीचपट वसुली झाली आणि क्रेडिट कार्डवाल्याचा काही भार डेबिट कार्डवाल्याच्या खिशातून भागवला गेला. एकूण बेरीज जुळते, म्हणून हा अन्याय हिशेबात कोठेच दिसत नाही.

जेथे अधिभार प्रत्यक्ष खर्चाच्या आत ठेवण्याचे बंधन असते, तेथे हीच सरासरी अंगाशी येते. ऑस्ट्रेलियाने खर्चापेक्षा जास्त अधिभार घेण्यास २०१६ मध्ये मोठ्या व्यापाऱ्यांना आणि २०१७ मध्ये उरलेल्या सर्वांना मनाई केली, ती याच प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी. अमेरिकेत तर डेबिट आणि प्रीपेड कार्डावर अधिभार घेताच येत नाही, मग तो व्यवहार मशीनवर ‘क्रेडिट’चे बटण दाबून केलेला असो. यावर उपाय एकच आहे. कार्डाचा प्रकार ओळखण्याचे काम गल्ल्यावरच्या माणसावर सोपवू नये. कार्डाच्या सुरुवातीच्या ६ ते ८ अंकांवरून प्रकार ओळखून अधिभार लावायचा की नाही हे मशीननेच ठरवावे. मशीनमध्ये ती सोय नसेल, तर ती येईपर्यंत अधिभार सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टक्क्यांवरचे टक्के

शुल्क २.५ टक्के आहे म्हणून १०,००० च्या बिलावर २५० वाढवले, तरी खात्यात पूर्ण १०,००० येत नाहीत, याचे अनेकांना कोडे पडते. पेमेंट कंपनी आपले शुल्क १०,२५० वर आकारते, ते २५६.२५ होते आणि ६.२५ कमी पडतात. पुरते वसूल करायचे तर १०,००० ला ०.९७५ ने भागून १०,२५६.४१ चे बिल करावे लागेल. गणित म्हणून ते बरोबर आहे, पण अधिभाराची कमाल मर्यादा मूळ रकमेच्या टक्क्यांत ठरलेली असेल तर हा हुशारीचा भागाकार ती ओलांडू शकतो. उदाहरणार्थ, मर्यादा आणि शुल्क दोन्ही ३ टक्के असतील, तर पूर्ण वसुलीसाठी मूळ रकमेवर ३.०९ टक्के लावावे लागतात आणि नियम मोडतो. व्हिसाने अमेरिकेत २०२३ मध्ये कमाल अधिभार ३ टक्क्यांवर आणला, कॅनडात तो सर्वसाधारणपणे २.४ टक्के आहे. दहा हजारांमागे सव्वासहा सोडून द्यावेत. त्यांच्यामागे लागून करार धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट सुटते. अनेक करपद्धतींत अधिभार हा विक्रीच्या किमतीचाच भाग मानला जातो आणि त्यावरही कर लागतो. अधिभार करानंतर, बिलाच्या तळाशी, कराविना जोडला जात असेल तर वर्षाअखेरीस ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरण्याची वेळ येते. बिलाचा नमुना ठरवतानाच कर सल्लागाराला दाखवून घ्यावा.

रोखीची सवलत की अधिभाराला दुसरे नाव

अधिभारावर बंदी किंवा बंधने आली की ‘रोख देणाऱ्यास सवलत’ अशी पाटी लागते. सवलत ही बहुतेक ठिकाणी मान्य वाट आहे. अमेरिकेत तर रोखीच्या सवलतीला १९७० च्या दशकापासून कायद्याचे संरक्षण आहे. पण सवलत ही लिहिलेल्या किमतीतून खाली यावी लागते. वस्तूवर १०,००० लिहायचे, गल्ल्यावर ३०० वाढवायचे आणि रोख दिल्यास तेच ३०० ‘माफ’ करायचे, याला सवलत म्हणत नाहीत. किमतीची चिठ्ठी १०,३०० ची असेल आणि रोख देणारा त्याहून कमी देत असेल, तरच ती खरी सवलत. त्यातही १०,३०० वर ३ टक्के सवलत दिली की रोख ग्राहक १०,००० नव्हे, तर ९,९९१ देतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

न्यू यॉर्क राज्याने ११ फेब्रुवारी २०२४ पासून अधिभार धरून होणारी कार्डाची संपूर्ण किंमत आधीच दाखवणे सक्तीचे केले. मला हा विचार पटतो. दारावर ‘कार्डावर ३ टक्के जादा’ असे बारीक अक्षरांत लिहून बेरजेचे काम ग्राहकावर टाकण्यापेक्षा दोन्ही किमती शेजारी शेजारी लिहाव्यात.

परतावा देताना अधिभार विसरणे

तक्रारी सर्वांत जास्त कोठे पेटतात, तर माल परत येतो तेव्हा. वर घेतलेलेच उदाहरण पुढे नेऊ. ग्राहकाने १०,००० चा माल आणि २५० अधिभार असे १०,२५० कार्डावर भरले आणि त्यातला ४,००० चा माल परत आणला. गल्ल्यावर ४,००० परत केले जातात आणि सर्वांना ते योग्यच वाटते. वास्तविक त्या मालावर घेतलेला १०० अधिभारही परत जायला हवा, म्हणजे ४,१०० चा परतावा व्हायला हवा. ज्या नेटवर्कांनी अधिभाराची मुभा दिली आहे, त्यांच्या नियमांत परताव्याच्या प्रमाणात अधिभार परत करण्याची अट असते. पेमेंट कंपनी मात्र मूळ व्यवहारावर कापलेले शुल्क अनेकदा परत करत नाही, म्हणून व्यापाऱ्याला हे १०० स्वतःचे गेल्यासारखे वाटतात आणि तो ते द्यायला का कू करतो. मग ग्राहक आपल्या बँकेकडे व्यवहाराविरुद्ध दाद मागतो, चार्जबॅक येतो, म्हणजे बँक ती रक्कम व्यापाऱ्याकडून परत मागते, आणि त्याचे वेगळे शुल्क लागते. शंभर वाचवण्याच्या नादात त्याहून जास्त गेलेले असतात.

ही अडचण बहुधा बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. अधिभाराची स्वतंत्र ओळ पावतीवर छापली जाते, पण परताव्याच्या पडद्यावर ती ओळच नसते. अधिभार सुरू करण्यापूर्वी एक छोटा व्यवहार करून त्याचा अर्धवट परतावा प्रत्यक्ष करून पाहावा आणि दोन्ही पावत्या शेजारी ठेवून आकडे तपासावेत.

अधिभारासाठी कार्ड दुसऱ्यांदा फिरवणे

काही ठिकाणी बिलाची रक्कम एकदा आणि अधिभार वेगळा, अशी दोनदा वसुली होते. ग्राहकाच्या विवरणात मग एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन नोंदी दिसतात, त्यातली छोटी कशाची हे त्याला आठवत नाही आणि तो ती नाकारतो. अधिभार त्याच व्यवहाराच्या एकूण रकमेत असावा आणि पावतीवर वेगळ्या ओळीत दिसावा.

सेटलमेंट जुळत नसेल तर

सगळे नियम पाळूनही जमा रक्कम कमी येत असेल, तर प्रथम प्रति व्यवहार लागणारे ठराविक शुल्क पाहावे. छोट्या बिलांवर ते टक्क्यांपेक्षा जड पडते. नंतर परदेशी कार्डे, कंपन्यांच्या नावाची कार्डे आणि बक्षीसगुणांची महागडी कार्डे वेगळी काढावीत, कारण त्यांचा दर साध्या कार्डापेक्षा चढा असतो. ऑनलाइन किंवा फोनवर क्रमांक घेऊन केलेले व्यवहारही सहसा महाग पडतात. मशीनचे भाडे महिन्याच्या कपातीत मिसळलेले असेल तर ते बाजूला काढावे, कारण त्याचा कोणत्याही एका ग्राहकाच्या बिलाशी संबंध नसतो. पेमेंट कंपनी दर बदलते तेव्हा तिची सूचना एखाद्या ईमेलच्या तळाशी येऊन जाते आणि मशीनमधला अधिभार जुनाच राहतो. दर वाढला असेल तर व्यापाऱ्याचे नुकसान होते. दर उतरला असेल तर ग्राहकाकडून प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेतले जाते. म्हणून दर तिमाहीला विवरणातला दर आणि मशीनमध्ये भरलेला दर ताडून पाहावा आणि फरक आढळल्यास मशीन, बिलाचे सॉफ्टवेअर आणि दारावरची पाटी या तिन्ही ठिकाणी दर एकाच दिवशी बदलावा.