पाच व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली नसते

गाडीच्या एसीच्या कामाला लागलेली नवी पोरं विचारतात, सेन्सर कसा तपासायचा. त्याआधी माझी फजिती ऐका. ती गाडी आठवली की अजून कान गरम होतात.

2022 चा उन्हाळा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात होतो. आयटीआय होऊन दोन वर्षं झालेली, हातात नवा मीटर आणि अंगात रग. एका रिटायर्ड सरांची गाडी आली. 2021 च्या पुरात तिच्या गालिच्यापर्यंत पाणी गेलेलं. तक्रार अशी, की हवा धड गार होण्याआधीच कॉम्प्रेसर कट. थोड्या वेळानं लागतो, परत कट. सर त्याआधी दुसरीकडे दोनदा गॅस भरून आले होते. दाब मोजणारं गेज न लावता ‘गॅस कमी हाय’ म्हणणाऱ्याच्या हाताखाली शिकू नका. तिथं चार वर्षं काढलीत तरी सिलिंडर उचलण्यापलीकडं काही येणार नाही.

स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. मी कूलिंग कॉइलचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला. सेन्सरचा रेझिस्टन्स बरोबर. कपलरवर मीटर लावला, बरोबर पाच व्होल्ट. म्हटलं, सेन्सर ओके, वायर ओके, म्हणजे एसीचं कंट्रोल युनिट गेलं. सरांना सांगून मोकळा. नवीन युनिट आलं, बसवलं, आणि कॉम्प्रेसर तसाच कट! इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत. अर्धे पैसे माझ्या पगारातून गेले.

उस्ताद एवढंच म्हणाले, “बसलेला बैल लंगडा हाय का कसं कळंल? चालवून बघ की.”

आता हे नीट समजून घ्या, दोनदा वाचावं लागलं तरी चालेल. युनिटच्या आत एक रेझिस्टन्स असतो. त्यातून पाच व्होल्ट सेन्सरकडे जातात. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, गार झाला की चढतो, आणि त्याप्रमाणं व्होल्टेज बदलतं. हिशोबाला सोपं म्हणून धरा की युनिटमधला रेझिस्टन्स 10 किलोओहम आणि सेन्सरही 25 अंशाला 10 किलोओहमचा. मग युनिटला दिसणार अडीच व्होल्ट. आता वाटेत सिग्नलच्या वायरीत एक पिन गंजली आणि 15 किलोओहम वाढले. युनिटला आता 10 च्या जागी 25 किलोओहम दिसतात, म्हणजे सुमारे 3.57 व्होल्ट. असा सेन्सर 25 किलोओहम दाखवतो तो जवळपास 5 अंशाला. कॉइल खरी 25 अंशावर, युनिटला वाटतंय 5. ती पंधरा-सोळा अंशावर येते न येते तोच युनिट म्हणतं, बर्फ धरणार, कॉम्प्रेसर बंद करा.

आणि कोड का नाही? व्होल्टेज पार पाचला भिडलं किंवा शून्यावर बसलं, की वायर तुटली किंवा शॉर्ट झाली हे युनिटला कळतं. 3.57 हा आकडा त्याला खराच वाटतो.

मग मला पाच व्होल्ट कसे दिसले? कपलर काढला होता म्हणून. तेव्हा वायरीतून करंट जवळपास वाहतच नाही. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स सहसा 10 मेगाओहमचा, त्याच्यापुढं 15 किलोओहमचा गंज म्हणजे काहीच नाही. बैल बसलेला होता.

म्हणून कपलर लावलेलाच ठेवा, इग्निशन चालू करा. मागच्या बाजूनं वायरीच्या कडेनं बारीक पिन सारा आणि दोन ठिकाणी मोजा, एकदा सेन्सरपाशी, एकदा युनिटपाशी. वायर चांगली असेल तर दोन्हीकडं आकडा तोच. वरच्या हिशोबात सेन्सरपाशी 1.43 येईल आणि युनिटपाशी 3.57, म्हणजे चोर मधेच आहे. सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनवरही मोजा, तिथं जवळपास शून्य यायला हवं.

आमचा चोर डाव्या बाजूला पायाजवळच्या कपलरमध्ये सापडला. पिन बाहेरून चकचकीत, आत हिरवी भुकटी. पिन बदलली, अर्ध्या तासाचं काम.

वायरीला टाचणी टोचून मोजू नका, आपल्याकडच्या पावसात तिथूनच पुढचा गंज सुरू होतो. बल्बचा टेस्टर या लाइनला लावायचाच नाही. काही जण सेन्सर काढून तिथं रेझिस्टन्स जोडतात. कॉम्प्रेसर चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि लांबच्या प्रवासात कॉइलवर बर्फ धरून हवाच बंद होते. त्याला मी जुगाडसुद्धा म्हणत नाही.

घाबरू मात्र नका. पंचगंगा 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. तसे तुमच्या गाडीच्या सेन्सरच्या रेझिस्टन्सचे दोनच आकडे पाठ करा, बर्फाच्या पाण्यातला आणि खोलीतला. शिवाय रात्रभर सावलीत उभ्या गाडीवर सकाळी स्कॅनर लावून लाइव्ह डेटा बघा. बाहेरचा, केबिनचा आणि कॉइलचा सेन्सर जवळपास सारखंच तापमान दाखवायला हवेत. त्यातला एकच जण थंडीनं कुडकुडत असेल, तर काम तिथून सुरू.

आणि कपलर परत लावताना लॉकचा ‘टक’ आवाज आल्याशिवाय हात काढू नका. हे मला उस्तादांनी शिकवलं नाही. दुसऱ्या एका गाडीचा डॅशबोर्ड दोनदा खोलून शिकलो.