फुकट मॅच बघायचीय? आधी दूरदर्शन बघा

मॅचच्या दिवशी 'फ्री लाइव्ह' असं शोधू नका. आमच्या भाच्याने शोधलं, तर स्क्रीनवर तीन प्ले बटणं, तिन्ही खोटी, आणि चौथं म्हणे 'ही एपीके फाइल टाका', म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप घालायची फाइल. असलं काही टाकायचं नाही. कार्डाचा नंबर मागितला तर पान तिथेच बंद.

सरळ मार्ग दोन. फोनवर प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲप, 2024 च्या नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं. त्यात सह्याद्रीसकट दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसतात. पण ऐन भारताच्या मॅचला तिथे दुसरंच काहीतरी लागलं, तर नेटला शिव्या देऊ नका. 2007 च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला मिळतं, ते दूरदर्शनच्या अँटेनासाठी आणि डीडी फ्री डिश या छत्रीवरच्या फुकट सेवेसाठी. इंटरनेटचे हक्क वेगळे विकले जातात.

म्हणून क्रिकेटवेड्या घरात दुसरा मार्ग, फ्री डिशची छत्रीच बरी. बॉक्स आणि छत्रीचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. आपल्याकडे छत्रीचं तोंड आग्नेयेला लागतं. त्या बाजूला शेजाऱ्याचा माड नाही ना, एवढं गच्चीवर जाऊन आधी बघून घ्या.