फाइली डिलीट करूनही बकेटची जागा मोकळी होत नव्हती

अ‍ॅमेझॉन S3 या क्लाउड स्टोरेजमधली माझी बकेट (फाइली ठेवायची जागा) रिकामी दिसायची, बिलात जागा मात्र तेवढीच. पुन्हा डिलीट केलं, व्हर्जनिंग (फाइलीच्या जुन्या प्रती जपणारी सोय) थांबवलं, फरक शून्य. दोन दिवस डोकं पिकलं. व्हर्जनिंग चालू असताना साधं डिलीट फाइल काढत नाही, वर फक्त डिलीट मार्कर, म्हणजे ‘डिलीट झाली’ अशी खूण ठेवतं. व्हर्जनिंग थांबवलं तरी जुन्या प्रती तशाच राहतात.

आधी यादीत ‘शो व्हर्जन्स’ चालू करून प्रती पाहिल्या. हव्या त्या उतरवून घेतल्या (हे टाळू नका, पुढचं परत फिरवता येत नाही). मग लाइफसायकल नियम (ठरल्या मुदतीनंतर आपोआप साफसफाई करणारा) केला: नॉनकरंट व्हर्जन्स, म्हणजे चालू नसलेल्या जुन्या प्रती, तशा झाल्यापासून ३० दिवसांनी काढायच्या, मागे उरलेले डिलीट मार्करही साफ करायचे, अर्धवट अपलोड ७ दिवसांनी रद्द. नियम लगेच चालत नाही. माझ्या प्रती नॉनकरंट होऊन ३० दिवस उलटले होते, तरी वाट पाहावी लागली.